उभ्या गाडीच्या चपला

जर्मनीत शिकताना वाटायचं, फिरती शाळा काढायला साताऱ्यात परतले की लोक विचारतील, "कधी सुरू करतेस?" प्रत्यक्षात सगळे विचारत होते, "परत कधी जातेस?" त्यामुळे शाळेसाठी हेरलेली, राहण्याची सोय असलेली जुनी मोटरहोम बघायलाही मी एकटीच गेले.

सर्व्हिस बुकातली शेवटची नोंद २०२१ची होती. पुढची पानं कोरी.

"तेव्हापासून गाडी शेडमधून हललीच नाही," मालक मुकुंदशेठ खुर्चीतून न उठता म्हणाले. "उभ्या गाडीला सर्व्हिसिंग कसलं, ताई? तिकडे एवढंही शिकवलं नाही का?"

मी वाकून टायरवर कोरलेली, टायर बनल्याची तारीख वाचली. टायर २०२३चे होते आणि झिजून गुळगुळीत झाले होते.

"शेठ, उभ्या उभ्या चपला झिजवणारी गाडी मी पहिल्यांदाच बघतेय."

शेठनी सर्व्हिस बुक माझ्या हातातून काढून घेतलं. शेजारच्या जीपखालून, ती दुरुस्त करणारे यासीन मिस्त्री मात्र खो खो हसले.

संध्याकाळी खोलीवर आले, तर हा किस्सा सांगायला कुणीच नव्हतं. यासीनभाईंचं हसणं तेवढं आठवत राहिलं.

सकाळी ठरवलं, दुसरी गाडी शोधायची आणि ती बघायला यासीनभाईंना घेऊन जायचं.