लोक हसतील

एकदा एका गावात कापडाच्या एका व्यापाऱ्याला मुलगा झाला. दिवस भरण्याआधीच जन्मलेला तो जीव सुईणीच्या ओंजळीत मावत होता. बाळंतीण तापाने फणफणलेली, म्हणून वृद्ध वैद्याला बोलावणे गेले.

शिष्याला घेऊन वैद्य आला. बाळाचे गार पाय हातात धरून पाहिल्यावर तो म्हणाला, "शेठजी, अंगरखा काढा. टोपडे आणि लंगोट एवढेच ठेवून याला उघड्या छातीशी धरा, वरून धाबळी गुंडाळा. आईचे दूध पिळून थोडे थोडे पाजा. तिचा ताप उतरेपर्यंत तुमची ऊब हेच याचे औषध."

व्यापारी ओशाळला. "वैद्यबुवा, बाप्या माणसाने लेकरू उराशी बांधून बसायचे? दुकानात माणसांचा राबता. लोक हसतील."

आतून बाळंतिणीचा क्षीण आवाज आला, "धरा की हो. माझ्या अंगात त्राण असते तर मीच धरले असते."

पण व्यापाऱ्याने चांदीचा पाळणा मागवला, सावरीच्या कापसाची गादी घातली, शेजारी शेगडी ठेवली. खर्चाला तो मागे हटणारा नव्हता. वैद्य पुन्हा सांगायला गेला, तेव्हा व्यापारी "उद्या बघू" म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाळ पाळण्यातच गार पडलेले होते.

तान्ह्याला दहन नसते. बापच त्याला नेतो आणि पुरतो. रीतीप्रमाणे व्यापारी उघड्या अंगाने निघाला, मूल छातीशी घट्ट धरून. लोक माना खाली घालून उभे होते. वैद्याच्या दारावरून तो जाऊ लागला, तेव्हा वैद्य मोठ्याने हसला.

लोक चरकले. व्यापारी थांबला. त्याने वैद्याकडे पाहिले, मूल आणखी आवळून धरले आणि तो पुढे गेला.

"गुरुजी, वैरीसुद्धा असे वागणार नाही," शिष्य संतापून म्हणाला. "हे पाप आहे."

वैद्य भिंतीला टेकून बसला. त्याचे डोळे भरले होते. "पाप आहेच. पण माझ्या हसण्याने त्याचे पाऊल अडले का? क्षणभर थांबला आणि चालू लागला. लोकांचे हसणे एवढेच असते, बाळा. एवढ्याला भिऊन त्याने पोर घालवले. आज अंगरखाही काढला, लेकरू उराशीही धरले, भर रस्त्याने नेले. माझ्याशिवाय कोणी हसले नाही. मेलेले मूल छातीशी धरायला गाव बापाला मोकळीक देते. जिवंत मुलासाठी ती त्याची त्यालाच घ्यावी लागते."

शिष्याचा राग निवळला नाही.

वर्षाने व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाला अशीच अशक्त मुलगी झाली. आई थकली की मुलीला चुलत्याकडे दुकानात आणत. उघड्या छातीशी तिला धाबळीने बांधून तो गिऱ्हाइकांना लुगडी उलगडून दाखवी. लोक हसत. तो कापड मोजत राही. मुलगी बाळसे धरू लागली.

एकदा शिष्य औषध घेऊन दुकानात गेला. व्यापाऱ्याची बायको दुकानामागच्या माजघराच्या दारात उभी राहून, पुतणीला उराशी बांधलेल्या नवऱ्याकडे बघत होती. तिने पुडी घेतली आणि ती आत निघून गेली.

'धरा की हो' म्हणणाऱ्या या आईच्या वतीने गुरुजी त्या दिवशी हसले होते, हे शिष्याला त्या दारात कळले.