बंबात गेलेली भातुकली

एका पेठेत द्वारकाबाई नावाची एक व्यापारीण राहत होती. बाई मनाने चांगली, पण चारचौघींत आपला शब्द खाली पडलेला तिला मुळीच खपत नसे.

लहानपणी तिच्याकडे लाकडी भातुकली होती. गावच्या गोपाळ चिताऱ्याने लाखेच्या रंगांत केलेली, चांगली एकवीस नगांची. बोटभर चूल, सुपारीएवढी कळशी, खरोखर फिरणारं जातं. तिचं लग्न ठरलं तेव्हा आत्या हसून म्हणाली, "अगोबाई, नवरी अजून भातुकली खेळते!" झालं! पोर चिडली आणि तिने एकूण एक भांडं न्हाणीघरातल्या बंबात घातलं. त्या दिवशी पाणी मात्र झकास तापलं.

वर्षं गेली. गोपाळ चितारी वारला आणि मग राज्याच्या राणीला त्याच्या खेळण्यांचं वेड लागलं. तिने त्यांच्यासाठी दालन बांधलं. गोपाळची अख्खी भातुकली जो देईल त्याचं नाव दालनाच्या दारावर कोरू, अशी दवंडी पिटवली. लोक एकेका पळीसाठी माळे धुंडाळू लागले. द्वारकाबाईला हळहळून अन्न गोड लागेना. त्यात हळदीकुंकवाला बायकांनी तिच्या भातुकलीबद्दल विचारलं, तेव्हा ती बोलून गेली, "आमची आहे की माळ्यावर. सगळीच्या सगळी!"

बातमी राजवाड्यात पोहोचली. सोमवारी राणीसाहेब स्वतः बघायला येतील, असा निरोप आला.

द्वारकाबाई धावत गोपाळच्या मुलीकडे, रेवाकडे गेली. रेवासुद्धा खेळणीच करायची, पण जुन्याच्या नादात तिच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. फळीवर तिची नवीकोरी भातुकली मांडलेली होती.

"रेवा, ही मला दे. फक्त धुरावर काळपट कर, कडा जरा घास. तुझ्या बाबांची वाटली पाहिजे."

"भातुकली देते, काकू. धूर नाही देणार," रेवा म्हणाली. "बाबांचं काम बाबांचं. माझं काम माझ्याच नावाने घराबाहेर पडेल."

"अगं, माझी अब्रू जाईल!"

"आणि माझी?"

द्वारकाबाईला राग आला. काहीतरी टोचून बोलावं म्हणून तिने फळीवरचं जातं उचललं. गोपाळचं जातं अडखळत फिरायचं. हे बोट लावताच गरगरलं. बाईने ते पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. एकदा आत्या हसली म्हणून तिने सोन्यासारखी वस्तू जाळली होती. आता शेजारणी हसतील म्हणून ती दुसरीला काळं फासायला निघाली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी अंगणात सगळी पेठ लोटली. द्वारकाबाईने भातुकली राणीपुढे मांडली.

"राणीसाहेब, मी खोटं बोलले. माझी भातुकली मी माझ्या हाताने बंबात घातली. ही या रेवाने केली आहे. नवी आहे."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. राणीने मात्र एकेक भांडं निरखून पाहिलं आणि रेवाला जवळ बोलावून दालनात तिच्या नावाची फळी लावायचा हुकूम दिला. मग तिने विचारलं, "द्वारकाबाई, दारावर तुमचं नाव लागणार नाही. वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना, जळलेल्या भातुकलीचं रोज वाटतं," द्वारकाबाई ताठ मानेने म्हणाली. "पण या पोरीचा हात तिच्या हयातीत मी ओळखला, याचा अभिमान त्याहून मोठा आहे."

तात्पर्य: गमावलेल्या वस्तूसाठी नुसतं हळहळत बसू नये, आज डोळ्यांसमोर असलेल्या गुणाची वेळेवर कदर करावी.