विम्याच्या जाहिरातीतलं हसू

टीव्हीवरच्या विम्याच्या जाहिराती करण्यात शशांक कारखानीसांचा हात धरणारा दिग्दर्शक नव्हता, असं निदान ते स्वतः सांगत.

नव्या जाहिरातीत आईचं काम जुन्या नाट्यअभिनेत्री कमलिनीताई सबनीसांकडे होतं. तरुण मुलगा गेलेला, भिंतीवर त्याच्या फोटोला हार, विम्याचा चेक येतो आणि आई समाधानाने हसते, एवढाच प्रसंग. ताई चेक घेत, पण हसू काही येईना.

कारखानीस सगळ्यांसमोर खेकसले, "सगळा जन्म रंगभूमीवर गेला आणि साधं हसता येत नाही?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "येईल की! त्या मुलाच्या जागी तुमचा फोटो लावा, बघा कशी हसते."

सेटवर खसखस पिकली. कारखानीसांचा पारा चढला. "आणा रे ऑफिसातला माझा फोटो! बघूच!"

फोटो लागला, हार चढला, कॅमेरा सुरू झाला. ताईंनी चेक घेतला, फोटोकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आता का हसत नाही?"

"जमत नाही हो, साहेब. तुमच्या आईच डोळ्यांपुढे आल्या."

आता कुणीच हसलं नाही. याच जाहिरातीची संहिता कारखानीसांनी आपल्या आईला कौतुकाने वाचून दाखवली होती, तेव्हा ती न बोलता उठून गेली होती. का, ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी स्वतःच हार उतरवला आणि खाली मानेनेच म्हणाले, "ताई, चुकलो. हसू नका."

जाहिरात टीव्हीवर तशीच, आईच्या हसण्याविना लागली. कारखानीसांना मात्र कितीतरी दिवस आईच्या नजरेला नजर देता आली नाही.