सत्तावीस खड्डे

“हद्द नाही, तर मग काय आहे हे, बाबा?”

भार्गव टेंबेने माळाकडे हात केला. एका ओळीत सत्तावीस खड्डे. तीन हजार वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा शेती करणाऱ्यांनी खणलेले. धान्याचे म्हणावेत तर आत दाणा नाही, मढी पुरली म्हणावं तर हाड नाही. दोन वर्षं उत्खननात खपून भार्गवने छातीठोकपणे लिहिलं होतं, की ही शेतांची हद्द.

गावाला तेवढंच हवं होतं. पूर्वजांचीच हद्द म्हटल्यावर कोण अडवणार? उद्या यंत्र येणार, खड्डे जोडून सलग चर काढणार. धनगरांच्या मेंढ्या कायमच्या बंद. हद्दीच्या कागदावर भार्गवची सही तेवढी राहिली होती.

सही करायला हात धजेना, म्हणून तर तो पीराजवळच्या झोपडीत, गैबूबाबा फकिरांकडे आला होता. पण विद्वानाचा ताठा, तो थोडाच असा सहजी जातो!

“सलग चर खणायला त्यांना काय धाड भरली होती?” बाबांनी विचारलं.

“माणसं कमी असतील. घरटी एक खड्डा, एवढंच जमलं असेल.”

“हां... आळशी होते म्हण की.”

बाबांनी काठी जवळ ओढली.

“खड्डे खणून पाहिलेस. मधली जमीन पाहिलीस?”

“तिथे काय असणार, बाबा? नुसती माती.”

बाबा काठी टेकत उठले. दोन खड्ड्यांच्या मधे जाऊन उकिडवे बसले आणि मातीवर तळवा ठेवला. भार्गवनेही ठेवला.

खड्ड्यांच्या कडेची माती भुसभुशीत होती. ही मात्र घट्ट, शेकडो वर्षं खुरांनी तुडवलेली.

“सुगी झाली की गावच्या शेतांत मेंढरं बसवतात ना रे?”

“बसवतात... खतासाठी.”

“येतात कुठून?”

भार्गवने मान वळवून पाहिलं. मेंढरांना माळावरून गावाकडे जायला खड्ड्यांमधली हीच तर जागा होती. त्याचे कान लाजेने तापले. दोन वर्षं तो याच मातीवर उभा राहून खड्ड्यांत डोकावत होता!

त्याने खिशातला कागद काढला आणि ‘हद्द’ शब्दावर काट मारली. मग पेन तसंच थांबलं.

“आता काय लिहू, बाबा?”

बाबा गुडघे धरून उठले.

“खड्डे सत्तावीस मोजलेस, बेटा... मधल्या सव्वीस वाटा काय मेंढरांनी मोजायच्या?”