एकोणीस गालिचे

परदेशच्या सहलीचा शेवटचा दिवस. निवृत्त शिक्षणाधिकारी दिगंबरराव खांबेटे पत्नी नलूताईंसह इस्तंबूलच्या बाजारात हिंडत होते. घ्यायचं काहीच नव्हतं, म्हणून साहेब गालिच्यांच्या दुकानात शिरले. म्हाताऱ्या दुकानदाराने चहा दिला आणि साहेबांचं बोट फिरेल तसे एकोणीस गालिचे उलगडले.

"अहो, पुरे करा ना," नलूताई पुटपुटल्या. त्यांना म्हाताऱ्याकडे बघवत नव्हतं.

"दाखवायला त्याचं काय जातंय?" म्हणत साहेब उठले आणि खणखणीत हिंदीत म्हणाले, "असले गालिचे आमच्याकडे पायपुसणं म्हणून टाकतात!"

नलूताईंना भुईने पोटात घ्यावं असं झालं.

गिऱ्हाइकांकडूनच हिंदी शिकलेला म्हातारा शांतपणे हसला. त्याने दाराकडे बोट दाखवलं.

"साहेब, इथे जोडे काढा असं मी कुणाला सांगत नाही. तुम्ही आपणहून उंबऱ्याबाहेर काढलेत. गालिच्याची किंमत तुमच्या पायांना कळली. तोंडाला कळेल सावकाश."

साहेब बाहेर जाऊन कितीतरी वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसले. नलूताई आतच थांबल्या. त्यांनी पदर खोचला आणि खालमानेने त्या म्हाताऱ्याबरोबर एकेक गालिचा गुंडाळायला लागल्या.