खापरटेकावरची नावं

तांबरवाडीच्या पूर्वेला शेतं संपून माळ सुरू होतो, तिथे ही टेकडी आहे. चढताना पायाखाली कुरकुर वाजलं असेल. हिच्यात मुरूम नाही की दगड नाही. वरपासून खालपर्यंत भाजलेली खापरं आहेत, आणि पुष्कळ खापरांवर अक्षरं आहेत. म्हणून ही खापरटेक. ती कशी झाली हे सासूने सुनेला सांगायचं, अशी इथली रीत आहे.

संस्थानी अंमलातली गोष्ट. गावात गोजरा नावाची कुंभारीण होती. नवरा इठोबा चाकावर मडकी घडवायचा. ती थोपटायची, घोटून गुळगुळीत करायची, आणि माती ओली असतानाच बाभळीच्या काट्याने गळ्याशी वेलबुट्टी काढायची. त्यांना एकच मुलगी, राही. सतरा वर्षांची, सोयरीक जमलेली, बोलायला लागली की हातातलं काम विसरणारी.

त्या साली ऐन सुगीत संस्थानिकांची शिकार ठरली, आणि रान उठवायला गावातल्या सगळ्या गड्यांनी वेठीला यावं असा हुकूम आला. उभं पीक टाकून जायला कोणी तयार होईना. माणसं बारवेपाशी जमली आणि येत नाही म्हणून तिथेच बसली. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी अंमलदाराचे शिपाई आले आणि त्यांनी गोळ्या घातल्या. अठरा गडी पडले. एकोणिसावी राही. बसलेल्यांना पाणी द्यायला ती घागर घेऊन गेली होती.

प्रेतं गाड्यांत घालून नेली. कुठे, ते कुणाला कळू दिलं नाही. आठ दिवसांनी दवंडी पिटली, की बारवेवर कुणीही मेलेलं नाही, एकोणीस असामी वेठ चुकवून परागंदा झाल्या आहेत, आणि त्यांची नावं कुणी तोंडातून काढायची नाहीत. मागे राहिलेल्या बायकांना कपाळाचं कुंकू ठेवावं की पुसावं हे समजेना. राहीच्या नावापुढे सरकारी दप्तरात 'पळून गेली' एवढंच लिहिलं. तरणी पोर पळून गेली म्हटल्यावर लोकांनी त्याचा हवा तो अर्थ लावला. सोयऱ्यांनी सुपारी परत पाठवली. ती सुपारी हातात घेतली तेव्हा गोजरा पहिल्यांदा रडली, असं सांगतात.

गावात एक मठ होता. तिथल्या जंगमाची लेक नीलाक्का पोथी वाचायची. बायकांत अक्षर येणारी ती एकटी. एका दुपारी गोजरा तिच्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, माझ्या राहीचं नाव कसं दिसतं ते दाव मला."

नीलाक्काने कोळशाने भिंतीवर लिहिलं.

"दोनच अक्षरं?" गोजराने विचारलं.

"दोनच."

"एवढ्यात मावती व्हय ती?"

नीलाक्काने गोजराचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. दिवस कलेपर्यंत दोघी तेवढंच करत होत्या.

दुसऱ्या दिवशी गोजराने एका ओल्या घागरीच्या गळ्याशी वेलबुट्टीच्या जागी राहीचं नाव काढलं. आवा लावला. घागर भाजून निघाली तेव्हा अक्षरं पक्की झाली होती, घासून जाणारी नव्हती. तिने त्या घागरीत पाणी भरलं आणि आल्यागेल्याला त्यातलंच पाणी दिलं.

शेजारच्या ठकूबाईचा नवरा बारवेवर गोळीने गेला होता. तिने ती घागर पाहिली. जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाली, "गोजराबाई, मालकांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं न्हाई. लिवलं तर चालंल का गं?"

"चालंल की. लिवाय कुणाची बंदी हाय?" गोजरा म्हणाली.

मग एकेक बाई येऊ लागली. नवऱ्याचं नाव जन्मात न उच्चारलेल्या त्या बायका मठाच्या पडवीत बसून नीलाक्काकडून ते नाव गिरवायला शिकल्या. कुणाच्या घरी मुलाचं, कुणाच्या घरी दिराचं. पण नुसत्या नावाने गोजराचं मन भरेना. ते परागंदा झालेल्याचं नाव आहे असं कुणीही म्हणेल, असं ती म्हणाली. तेव्हा नीलाक्काने पुढची ओळ करून दिली: 'राही इठोबा कुंभार. बारवेवर गोळीने गेली. पळाली नाही.' गोजराने ती ओळ पाठ केली आणि त्यानंतर चाकावरून उतरलेल्या प्रत्येक घागरीवर एकोणिसांपैकी एकाची ओळ काढली.

मडकी बाजाराला गेली. पंचक्रोशीतल्या घराघरांत ती पाण्याला लागली, लग्नमांडवांच्या उतरंडीत रचली गेली. एक घागर म्हणे खुद्द अंमलदाराच्या घरी पोचली आणि पाणी पिता पिता त्याने ती वाचली.

नीलाक्काला अंमलदाराच्या गढीवर नेलं. तुला कुणी सांगितलं, तुझ्याबरोबर कोण कोण लिहितं, असं विचारलं. ती एवढंच म्हणत राहिली, की अक्षर मला एकटीलाच येतं. महिन्याने सोडली तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं मोडलेली होती. त्या काळी जंगमाच्या घरात कुंभारणीच्या हातचं चालत नसे. पण गोजरा रोज दोन वेळा मठात जायची, भाकरी कुस्करून नीलाक्काला भरवायची, आणि जंगम तोंड फिरवून पोथी चाळत बसायचा. एके दिवशी त्यानेच दुधाची वाटी आणून गोजराच्या हातात दिली.

"आता मला लिवता यायचं न्हाई," नीलाक्का म्हणाली.

"तू सांग, मी लिवीन. मला येतंय आता," गोजरा म्हणाली.

नीलाक्काचा हात थांबला, पण मडकी निघतच होती. तेव्हा अंमलदाराने हुकूम काढला, की लिहिलेलं मडकं जिथे सापडेल तिथून आणायचं आणि फोडायचं. शिपायांना लिहितावाचता येत नव्हतं. वेल कुठली आणि अक्षर कुठलं हे त्यांना उमजेना. सगळीच मडकी फोडावीत तर पंचक्रोशी पाण्याविना राहते. म्हणून वाचून निवड करायला चाँदसाब नावाच्या शिपायाला नेमलं. पलटणीत वाचता येणारा तेवढाच होता.

मडकी गाड्या भरून आणली आणि गावाबाहेर या माळावर उतरवली. पुन्हा कुणी लिहू नये म्हणून गावाला समोर उभं केलं. अंमलदाराने खुर्ची मांडली आणि चाँदसाबला फर्मावलं, "मोठ्यानं वाच. नीट कळू दे काय फोडतोय ते."

चाँदसाबने पहिली घागर उचलली आणि वाचली. "हिराजी बाळा माने. बारवेवर गोळीने गेला. पळाला नाही." घागर फुटली. गर्दीतून ठकूबाई पुढे आली. तिच्या मालकांचं नाव सरकारच्या माणसाने, सरकारी डगला घालून, साऱ्या गावापुढे घेतलं होतं. तिने तिथेच कपाळ पुसलं आणि मनसोक्त रडली. आजूबाजूच्या बायकांनी तिला धरलं. दुसरी घागर वाचली. तिसरी. नाव आलं की त्या घरची बाई पुढे व्हायची आणि बाकीच्या "ऐकलं, ऐकलं" म्हणायच्या. आपल्या हुकमाने काय होतंय हे अंमलदाराला कळलं तोवर उशीर झाला होता. बायका घरी जाऊन लपवलेली मडकी घेऊन आल्या होत्या आणि रांगेत उभ्या होत्या. "माझं वाचा," म्हणत होत्या. अंमलदार खुर्ची सोडून निघून गेला. त्याने थांबायला सांगितलं नाही, म्हणून चाँदसाब वाचत राहिला.

शेवटी गोजरा आली. राहीची ती पहिली घागर तिने आतापर्यंत कुणाला दिली नव्हती. चाँदसाबने ती हातात घेतली. तिच्यावर दोनच अक्षरं होती. त्याने ती वाचली आणि घागर तशीच धरून उभा राहिला.

"वाच बाबा, आणीक एकदा," गोजरा म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाला, "मावशी, ही घरी न्या. मी बघितली नाही म्हणेन."

"नगं. तुझी भाकरी जाईल. फोड तू. मला लिवता येतंय."

चाँदसाबची मान खाली गेली. आजूबाजूला बघून तो म्हणाला, "ह्या जागी मडकी फोडायची हे अंमलदारांनी नाही सांगितलं. जागा मी निवडली. खड्डे खणायला मी होतो, मावशी. एकोणीसही जण इथं आहेत. तुमची लेक पूर्वेच्या अंगाला. तिला मी वेगळी ठेवली, तोंडावर पदर घातला."

गोजराने विचारलं, "तिच्या हातात काही व्हतं का?"

"चुंबळ होती. ती काढली नाही."

गोजराने त्याच्या हातातून घागर घेतली, माळाच्या पूर्वेला गेली आणि स्वतःच्या हाताने ती तिथे ठेवून फोडली. मग बसून राहिली. बाकीच्या बायका तिच्याभोवती बसल्या. नीलाक्का आली आणि मोडक्या हाताने तिची पाठ कुरवाळत राहिली. त्या दिवशी एकोणीस घरांचं सुतक धरलं गेलं, दहाव्या दिवशी पिंड पाडले. अंमलदाराची त्याच साली बदली झाली. चाँदसाब नोकरी सोडून कुठे गेला ते ठाऊक नाही. दप्तरातली ओळ मात्र कुणी बदलली नाही. ती तशीच राहिली आणि टेकडी वाढत गेली.

आजही सुगीनंतरच्या पहिल्या सोमवारी इथे बायका येतात. आता लांबलांबून येतात, आपापल्या गावची मडकी घेऊन, ज्यांचं काय झालं हे कुणी कबूल केलं नाही अशांची नावं लिहून. वाचायला सरकारी नोकरीतलंच माणूस लागतं, ही अट आहे. कधी तलाठी वाचतात, कधी शाळेच्या बाई. गेल्या साली पोलीस ठाण्यातली एक नवी मुलगी आली होती, गणवेशात. पाचव्या मडक्याला ती वाचता वाचता अडली. तेव्हा ते मडकं घेऊन आलेली म्हातारी तिच्याजवळ गेली, तिला पाणी पाजलं आणि म्हणाली, "सावकाश वाच, बाळ. आम्हाला घाई न्हाई."