धुरपाबाईची नजर

एका चैत्रात सद्गुरू कडोबा महाराज फिरत फिरत उंबरपठारावर आले आणि तिथल्या वाडीत बिरोबाच्या देवळाच्या पडवीत त्यांनी मुक्काम टाकला. चार दिवस राहतो म्हणाले आणि दिवाळीपर्यंत राहिले. पठार उंच, वारा बोचरा, आणि माणसांपेक्षा मेंढरे जास्त. महाराजांचे नाव कडोबा, पण बोलणे गुळासारखे. खोड मात्र एक होती. त्यांना सगळे जाणून घ्यायचे असे! लोक त्यांना मोक्षाचा मार्ग विचारायला येत, आणि महाराज त्यांनाच उलट विचारत, "कळपात पुढे कोणी चालायचे, हे मेंढरांत कोण ठरवते हो?" भक्तजनहो, न कळलेले विचारायची लाज आपल्यासारख्या अर्धवटांना वाटते, ज्ञानी पुरुषाला नाही.

त्या वाडीत धुरपाबाई नावाची एक धनगरीण होती. नवरा कधीच वारला होता, आणि लहानपणी बाभळीचा काटा लागून डावा डोळा गेला होता. तिच्याजवळ पंचवीस-तीस मेंढरे, तीही काळी, बुटकी, विटक्या लोकरीची. रोज सकाळी ती देवळापुढे बसून सूत काती आणि महाराजांचे बोलणे ऐके. ऐकता ऐकता एखादी मेंढी जवळ आली की ती अंगठ्याने तिची खालची पापणी उलटी करून बघे आणि सोडून देई.

महाराजांनी हे चार दिवस पाहिले आणि पाचव्या दिवशी त्यांना राहवेना. "धुरपाबाई, तिथे काय बघतेस गं?"

"लाली बगती म्हाराज. पापणी आतनं लाल आसली की मेंढरू नरोगी. पांढरी पडली की समजायचं, पोटात बसून कोन तरी रगात पितंय."

"वा! मला दाखव." आणि महाराज खरोखर धुळीत मांडी घालून बसले व एकेका मेंढीची पापणी उलटी करून बघू लागले. "ही लाल. हीसुद्धा लाल. पण मेंढ्या एवढ्या बुटक्या का?"

"ह्यांच्या आज्या-पणज्या ह्याच पठाराच्या पावसात भिजल्या. ज्या मेल्या त्या मेल्या, ज्या जगल्या त्यांची ही बीजं. रूप न्हाय म्हाराज, पर दम हाय."

हे सगळे सर्जेराव पाटलांनी देवळाच्या पायरीवरून ऐकले आणि ते खो खो हसले. सर्जेराव म्हणजे पठारावरचे मोठे प्रस्थ. त्यांनी जतच्या बाजारातून तीसेक माडग्याळी मेंढरे आणली होती. उंच पाय, पोपटासारखे बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. त्यांच्या एडक्याचे नाव सुलतान, आणि त्याला न्हाऊ घालायला वेगळा गडी होता. पाटील म्हणाले, "महाराज, बघायचं तर माझा सुलतान बघा. ह्या काय मेंढ्या? ह्या तर घुशी! आणि एका डोळ्याची बाई तुम्हाला डोळ्यांचं ज्ञान शिकवणार!"

धुरपाबाईने मान खाली घातली. महाराज मात्र पाटलांकडे वळून म्हणाले, "तुमच्या सुलतानाचीही पापणी बघू का हो?" पाटलांनी हात झटकला आणि ते निघून गेले.

पुढे वैशाख आला. पठारावरच्या पळसांच्या चपट्या शेंगा वाळून खाली पडू लागल्या. महाराज भर उन्हात त्या वेचू लागले, आणि त्यांचे बघून धुरपाबाईही वेचू लागली. तिने आतल्या बिया, म्हणजे पळसपापडी, सोलून एका जाडजूड पिशवीत भरल्या. पाटलांना पुन्हा चेव आला. "बुवा लोक देवाला बेल तोडतात. आमचे बुवा पाचोळा गोळा करतात!"

"बेल कुणाला वाहायचा ते ठाऊक असते," महाराज शांतपणे म्हणाले. "हे कुणाला वाहायचे ते मला अजून कळलेले नाही. कळले की सांगतो."

श्रावण लागला तसा पाऊस बसला तो उठेना. भाद्रपद उजाडला तरी सूर्याचे दर्शन नाही. गवत गुडघ्याला आले. पाटलांचे गडी दिवस उजाडता उजाडता मेंढरे तळ्याकाठच्या ओल्या कुरणात सोडत. कोवळे गवत खाऊन ती गुबगुबीत होतील अशी पाटलांची समजूत. झाले उलटेच. मेंढरे खंगू लागली. जबड्याखाली पाण्याच्या थैल्या लोंबू लागल्या. एक मेली, दुसरी मेली, आठवड्यात सात गेल्या. मग एका सकाळी सुलतानच गुडघ्यावर बसला आणि उठेना.

पाटलांच्या घरातले कोणी तरी म्हणाले, "परवा धुरपा वाड्याच्या कुंपणाशी उभी राहून सुलतानकडं टक लावून बघत होती." झाले! एका डोळ्याची बाई, आणि ती टक लावून बघत होती. सगळ्या पठाराला कारण सापडले. पाटील दहा माणसे घेऊन तिच्या झोपडीवर गेले. "ए धुरपे! तुझी नजर लागली माझ्या मेंढरांना. उद्या दिवस मावळायच्या आत पठार उतरून जा. पुन्हा इथं पाय ठेवायचा नाही."

अशा पावसात घसरडा घाट उतरायचा म्हणजे कळपातली निम्मी कोकरे वाटेतच जाणार. आणि उतरून जायचे तरी कुठे? धुरपाबाई धावत देवळात आली आणि तिने महाराजांचे पाय धरले. मागोमाग पाटील आणि सगळी वाडी आली.

महाराजांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचे डोळे कुतूहलाने चमकू लागले. "नजर? अहो, मी एवढा मुलूख हिंडलो, पण नजर कशी असते ते कधी पाहिले नाही. आज मेलेली एखादी मेंढी आहे ना? चला, तिच्यात नजर कुठे बसली आहे ती शोधू या."

सगळे पाटलांच्या वाड्याकडे निघाले. मेलेली मेंढी कुंपणाबाहेर पडली होती. महाराजांच्या सांगण्यावरून धुरपाबाईने सुरीने तिचे पोट उघडले, जठर चिरले आणि पळसाच्या पानावर उलटे केले. लोक वाकले आणि एकदम मागे सरले. आत केसासारखे बारीक, तांबडा-पांढरा पीळ दिलेल्या दोऱ्यासारखे जंत होते. एक नाही, दोन नाही, नुसता गुंता!

"ही बघा नजर," महाराज म्हणाले. "वळवळते आहे."

पाटलांचा चेहरा उतरला, पण ताठा उतरला नाही. "मग हिची मेंढरं कशी धडधाकट?"

"धडधाकट न्हाईत मालक," धुरपाबाई रडत म्हणाली. "ह्ये किडं ओल्या गवताच्या शेंड्यावर चढत्यात. दव सुकल्याबिगर मी मेंढरं सोडत न्हाय. पर औंदा दव सुकायला ऊन तर पायजे! माझीबी ह्या दोन दिसांत फिकी पडल्यात."

पाटील तरातरा तिच्या कळपात शिरले. महाराजांनी केले होते तसेच त्यांनी अंगठ्याने एकेकीची पापणी उलटी केली. सगळ्या पांढऱ्याफट! "हिचीही गेलीच की," ते ओशाळून पुटपुटले.

"म्हणजे हिने स्वतःच्याच कळपाला नजर लावली म्हणायची!" महाराज म्हणाले. लोकांत खसखस पिकली. मग महाराज धुरपाबाईकडे वळले. "बाई, ती पळसपापडीची पिशवी आण. कुणाला वाहायची ते आज कळले."

पळसाचे बी जंतांवर जालीम, हे धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. धुरपाबाईने पिशवी आणली आणि ती घुटमळली. "म्हाराज, आज माझ्या मेंढरास्नी द्यायचंच हुतं. येवढं बी त्यास्नीच जेमतेम पुरंल."

"सोलून भरलेस तू, पिशवी तुझी," महाराज म्हणाले. "तू करशील ते खरे." एवढेच बोलून ते देवळातल्या आपल्या धुनीपाशी जाऊन बसले.

धुरपाबाईने पिशवी उराशी धरली. एका बाजूला तिची काळी मेंढरे, ज्यांच्यावाचून तिला जगात कोणी नव्हते. दुसऱ्या बाजूला तिला हाकलायला निघालेल्या माणसाचा कळप. शेवटी तिने डोळे पुसले आणि ती पाटलांना म्हणाली, "माझी तग धरतील मालक. तुमची आज मरतील. जनावराचा काय गुन्हा? पाटा-वरवंटा द्या." तिने बी वाटले, गुळात कालवले आणि गोळ्या करून पाटलांच्या प्रत्येक मेंढीच्या घशात घातल्या. शेवटची गोळी सुलतानाची झाली आणि पिशवी रिकामी पडली.

ती रिकामी पिशवी घेऊन ती महाराजांपुढे बसली. महाराजांनी पिशवी धुनीवर झटकली आणि धुनीतला चिमूटभर अंगारा तिच्या तळहातावर ठेवला. "जा. तुझ्या मेंढरांच्या जिभेला लाव. देणाऱ्याची पिशवी रिकामी असते, हात नसतो."

तिसऱ्या दिवशी सुलतान उठून उभा राहिला. सर्जेराव सकाळीच धुरपाबाईच्या झोपडीकडे निघाले. तिथे काय बघावे लागणार याची त्यांना भीती होती. कळप उभा होता. पाटलांनी अंगठ्याने पहिल्या मेंढीची पापणी उलटी केली. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! दुसरीची लाल. तिसरीचीही लाल. ते शेवटच्या कोकरापर्यंत गेले. बी एकीच्याही पोटात गेले नव्हते. आता कोणी म्हणेल, काळी मेंढरे मुळातच काटक. काटक तर होतीच! पण तीन दिवसांपूर्वी त्याच पापण्या पांढऱ्याफट होत्या, आणि त्या बघणारा हाच अंगठा होता.

सर्जेराव तसेच धावत देवळात आले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मला कशाला नमस्कार? जिची नजर लागली, तिच्या पाया पडा."

धुरपाबाई खांबाशी सूत कातत बसली होती. सगळ्या वाडीदेखत पाटलांनी तिच्यापुढे डोके टेकले. ते हुंदके देत होते. मग सवयीने तिने त्यांची हनुवटी वर उचलली, डोळ्याखाली अंगठा लावला आणि पापणी उलटी करून नीट बघितले.

"लाल हाय मालक," ती म्हणाली. "आता भ्या न्हाय."